झेलणारीचा आवाज

आमच्या ऑफिसच्या गणपतीची आरती मी एकदा रेकॉर्ड करून, स्वतः मिक्स करून दिली होती. मांडवात ती पहिल्यांदा लागली तेव्हा लक्षात आलं, की झांज वाजली रे वाजली की आमचे साहेब गायब होतात. आरतीत झांज थांबते कुठं? त्यामुळं साहेब दोन ठोक्यांच्या फटीतून डोकं काढल्यासारखे मधूनच यायचे आणि परत बुडायचे. बुडणाऱ्या माणसानं ‘देवा’ म्हणावं तशी ती आरती झाली होती. माझी चूक साधी होती. साहेबांचा आवाज आला की झांज खाली जायला हवी होती, मी जोडणी उलटी केली. पण त्याच सुमारास साहेबांनी माझा बदलीचा अर्ज नाकारला होता, त्यामुळं ही चूक होती यावर त्यांचा आजही विश्वास नाही.

या जोडणीला साइडचेन म्हणतात. नाव भारी आहे, पण काम आपल्या घरात रोज चालतं. टीव्हीवर बातम्या जोरात चालू असतात, फोन वाजतो, आणि कुणाचा तरी हात रिमोटकडं जाऊन टीव्ही खाली करतो. फोन ठेवला की टीव्ही परत वर. मिक्सिंगमध्ये हा हात म्हणजे कम्प्रेसर. तो एकाचं ऐकतो आणि दुसऱ्याला दाबतो. आमच्या जळगावात मी कम्प्रेसर म्हटलं की लोक फ्रिजची चौकशी करायचे, म्हणून मी त्याला ‘दाबणारा’ म्हणायला लागलो. लॉकडाउनमध्ये लोक केक करायला शिकले, मी हे शिकलो. केक निदान फुगायचे.

तर अक्कांच्या नातीचं लग्न ठरलं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. राहायला धुळ्यात, आणि दोघींचं माहेर नरडाण्याच्या बाजूचं. हळदीला घरच्या बायकांनी म्हटलेलं गाणं डीजेवर लावायचं अशी नातीची इच्छा होती, आणि ते गाणं माझ्याकडं द्यायचं नाही यावर दोन्ही जिल्ह्यांत एकमत झालं. ऑफिसातल्या आरतीची बातमी धुळ्यापर्यंत कुणी पोहोचवली, हा माझा जुना संशय आहे. घरात विचारलं तर सगळे एकदम गंभीर होतात.

आता झेलणं म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. आमच्याकडं हळदीचं गाणं एक बाई ‘सांगते’ आणि दुसरी ‘झेलते’. सांगणारीनं ओळ टाकली की झेलणारी तीच ओळ उचलते. तिनं घाई करायची नाही. सांगणारीचा शेवटचा शब्द सुटला की मगच. अक्का आयुष्यभर सांगत आल्या आणि माझी बायको आयुष्यभर झेलत आली. कानबाईच्या सणाला अक्का, लग्नाला अक्का, डोहाळजेवणाला अक्का. कुणी मोबाइलवर शूटिंग केलं तरी कॅमेरा अक्कांवर. माझ्या बायकोचा आवाज गोड आहे, हे मी नवरा म्हणून बोलत नाही. नवरा म्हणून मी बरंच वेगळं बोललेलो आहे. पण तो आवाज आजवर कशातच नीट उतरला नव्हता. या एका गाण्यात तरी तो राहावा, सगळ्या नात्यागोत्यासमोर वाजावा, एवढंच मला हवं होतं.

स्टुडिओ जुन्या धुळ्यातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या. तो चालवणारा माणूस पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये बँजो वाजवायचा. आता बँड कमी झाले, म्हणून दार लावून बसतो. खाली मिरची कांडायची गिरणी. अक्कांनी गिरणीसमोर उभं राहून आपल्या अहिराणीत आधी तिथलीच व्यवस्था लावली.

“ए भो, बंद कर तुनं हाई मशीन. आम्हले गानं म्हननं शे.”

मशीन बंद झालं, पण हवेतली मिरची कशी बंद होणार? अक्का दोन ओळी सांगायच्या आणि खोकायच्या. “हाई मिरची मना जीव ली टाकी,” असं म्हणून पाणी प्यायच्या. आम्ही सगळ्यांनी मिरचीला शिव्या दिल्या. मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. ‘कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही’ या अटीवरच मला आत घेतलेलं होतं.

रेकॉर्डिंग संपलं. अक्का भिंतीला धरत जिना उतरल्या, त्यांच्यामागं पाण्याची बाटली घेऊन मी. खाली आलो तर बायको नाही. परत वर गेलो. अर्ध्या जिन्यातून दिसलं ते असं: बायको त्या बँजोवाल्याशी अगदी हळू आवाजात बोलत होती आणि तो मान हलवत होता. मला पाहून दोघं गप्प झाली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. चप्पल सापडत नव्हती.”

चप्पल तिच्या पायात होती.

परतीच्या बसमध्ये एरंडोलपर्यंत मी त्या चपलेचा विचार करत होतो.

आठ-दहा दिवसांनी गाणं मोबाइलवर आलं. रविवार होता, दुपारची जेवणं झालेली. मी माझे मोठे हेडफोन चढवले. ते चढवले की मी खेळण्यातल्या विमानाच्या पायलटसारखा दिसतो असं घरचे म्हणतात. ढोल मस्त बसला होता. अक्कांचा आवाज भरदार, अगदी समोर. आणि बायको? ती ओळ झेलायला यायची, आणि अक्कांनी पुढची ओळ घेतली की तिचा आवाज असा मागं जायचा, जसं कुणी दाराआडून पदर ओढून तिला आत घेतंय. ओळीच्या सांध्यावर तर ती वेगळी अशी ऐकूच येत नव्हती. अक्का थांबल्या की ती हळूच परत वर.

मी तीन वेळा ऐकलं. शंकाच नव्हती. ऑफिसातल्या आरतीचा गुन्हेगार मी स्वतः असल्यामुळं हे काय आहे ते मला बरोब्बर ओळखता आलं. बायकोच्या आवाजावर दाबणारा बसवला होता, आणि त्याला ऐकायला दिल्या होत्या अक्का. हे आपोआप होत नाही. कुणीतरी मुद्दाम सांगावं लागतं.

कुणी सांगितलं असेल? मला लगेच मागचं सगळं आठवायला लागलं. आमच्याच लग्नात अक्कांनी एक ओळ दोनदा सांगून हिला झेलूच दिलं नव्हतं. माझ्या बहिणीच्या मुलीच्या हळदीला माईक स्वतःकडं ओढला होता. तेव्हा मला यात काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक गोष्ट पुरावा म्हणून उभी राहिली.

मी हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेलो. “तुझा आवाज दाबलाय.”

“असू दे.” तिनं भांड्यांवरून मान वर केली नाही.

“असू दे काय? मुद्दाम दाबलाय. मी सांगतो ना, साइडचेन आहे.”

“तुमचं ते चेन आणि बिन. ऐकायला बरं वाटतंय ना? मग झालं.”

आता मला खरी धास्ती बसली. ही बाई भाजीवाल्यानं कोथिंबिरीची एक काडी कमी दिली तर गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्यामागं जाते. स्वतःचा आवाज कुणी चोरला तर ‘असू दे’ म्हणणारी ही नव्हे. तिला कुणीतरी गप्प केलं असणार. आणि तिला गप्प करू शकणारी व्यक्ती या जगात एकच आहे. मी नव्हे, हे सांगायची गरज नाही.

मी स्टुडिओवाल्याला फोन केला. दोघींचे आवाज वेगवेगळे करून पाठवा म्हटलं. तो म्हणाला, पाठवतो भाऊ. पाठवले नाहीत. परत केला तर म्हणाला, नेट चालत नाही. पुढच्या वेळी म्हणाला, लाईट नाही. लाईट नाही म्हणताना मागं पंख्याचा आवाज येत होता. या माणसाला कुणीतरी धरून ठेवलं आहे याची मला खात्री पटली. हळद तोंडावर आली होती, आणि गाणं एकदा डीजेवाल्याच्या हातात गेलं की संपलं.

मग मी ऑफिसचं काम काढून धुळ्याला गेलो. घरी नरडाण्याच्या एमआयडीसीत जायचंय असं सांगितलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. “नरडाण्याला जाताना हेडफोन कशाला?” म्हणाली. मी म्हटलं, बसमध्ये ऐकायला. तिनं डबा हातात दिला आणि आणखी काही विचारलं नाही, हेही मला बरं वाटलं नाही.

आता इथं मी एक चलाखी केली. मालिकांमधले सगळे वकील पाहिल्याचा परिणाम. धुळ्यात उतरल्यावर मी अक्कांना फोन लावला.

“अक्का, स्टुडिओत येता का? एकदा गाणं सगळ्यांनी मिळून ऐकू.”

“तुम्ही धुयाले येल शेत? काबर? काय व्हयनं?”

“काही नाही हो, सहज.”

“पाव्हना, तुम्ही सहज कधी काही करतस नही,” अक्का म्हणाल्या. “येस मी.”

त्यांच्यासमोर स्टुडिओवाल्याला बोलतं करायचं आणि अक्कांचा चेहरा पाहायचा, असा माझा बेत होता. त्या यायच्या आत आपण पडद्यावर सगळं पाहून ठेवावं म्हणून मी झपाझप वर गेलो. गिरणी त्या दिवशी बंद होती. वरचं दार उघडंच होतं, उकाड्यामुळं ते तसंच राहिलं.

मला पाहून त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं.

“दाखवा,” मी म्हटलं. “आमच्या हिच्या आवाजावर काय लावलंय ते दाखवा.”

“भाऊ, हाई तुम्हना घरनं शे. माले मधमा नका टाकू.”

“कुणी सांगितलं लावायला?”

त्यानं माऊस फिरवून गाणं उघडलं. माझा अंदाज बरोबर होता. बायकोच्या ट्रॅकवर दाबणारा, त्याचा कान अक्कांच्या ट्रॅककडं. पकडलं, असं मला वाटलं, आणि तोंडावर ते दिसू नये म्हणून मी गोधडीकडं पाहिलं.

“काढा ते,” मी म्हणालो. “काढून लावा.”

“नका काढू भाऊ.”

“काढा.”

त्यानं एक टिचकी मारली आणि गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं.

बायकोचा आवाज असा आला की मला एकदम लग्नापूर्वीचे दिवस आठवले. गोल, मोकळा, खोली भरून. मी मान डोलवायला लागलो. आणि मग मला कळेना, की अक्का कुठं आहेत. अक्का होत्या, पण खाली, बारीक. ओळ सुरू करायच्या जोरात, आणि ओळीच्या शेवटाकडं आवाज विरायचा. शेवटच्या शब्दाच्या जागी नुसता श्वास. तो शब्द कधी सुटतच नव्हता. आणि माझी बायको, जी चाळीस वर्षं शब्द सुटायची वाट पाहत आली, ती थोडी आधीच ओळ उचलत होती. अक्कांचा श्वास जिथं तुटतो तिथं स्वतःचा आवाज सारून ठेवत होती. त्या दिवशीच तिनं ऐकता ऐकता ठरवलं असणार. आम्ही मात्र मिरचीला शिव्या देत बसलो होतो.

“ताईनी सांगं,” तो माणूस हळूच म्हणाला. “बोलल्या, अक्का गातील तिथं माझा आवाज खाली घ्या. ओळीच्या शेवटी फक्त आधार राहू द्या, दिसू देऊ नका. नाहीतर अक्काला कळेल. आणि अक्काला कळलं तर ती परत कधी गाणार नाही, असं बोलल्या त्या.”

मी काही बोलणार एवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. थांबत थांबत. एक पायरी, मग विसावा, मग दुसरी. मीच बोलावलेल्या अक्का.

स्टुडिओवाल्यानं झटकन गाणं थांबवलं आणि माझ्याकडं पाहिलं. बोट माऊसवर. कुठलं लावू, असं ते बोट विचारत होतं.

“ताईंनी सांगितलेलं,” मी म्हणालो.

अक्का आत आल्या, खुर्चीत टेकल्या, पदरानं मान पुसली. दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. “काय खुडबुड करी ऱ्हायनात?”

“ढोल पाही ऱ्हायनू अक्का,” तो म्हणाला. या माणसाला खोटं बोलायचा सराव माझ्यामुळंच झाला होता.

गाणं लागलं. अक्कांनी डोळे मिटून पहिलं कडवं ऐकलं. मग डोळे उघडले.

“हाऊ मना आवाज शे?”

“हो अक्का.”

“इतला भरेल?”

“भरलेलाच आहे. मशीन चांगलं आहे ना,” मी म्हणालो. मशीनची एवढी स्तुती मी आयुष्यात केली नव्हती.

अक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं नासक्या केळ्यांचा घड वर चांगली फणी ठेवून विकायला आणणाऱ्याकडं बाजारात पाहतात. मग बोट वर करून धाकटी बहीण कुठं गेली ते विचारलं. “आनि मनी लहानी कथा गयी? ती अशी मांगे मांगे काबर गाई ऱ्हायनी? तिले वर ल्या.”

आता आली का पंचाईत? हिला वर घ्यावं तर अक्का बुडतात. खाली ठेवावं तर अक्कांना संशय. स्टुडिओवाला घाम पुसत होता. आणि माझ्या डोक्यात, आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर, एक गोष्ट आली.

साधा दाबणारा अख्खा आवाज दाबतो. पण दुसरा एक असतो, मल्टिबँड. तो आवाजाचे थर करतो: खालचा, मधला, वरचा. गॅसच्या शेगडीसारखं. दूध उतू चाललं तर आपण त्याच बर्नरची कळ फिरवतो, शेजारची भाजी चालूच राहते. अक्कांकडं आता उरला होता तो छातीतला, मधल्या थरातला आवाज. हिचा आवाज तिथंच त्यांच्यावर चढत होता. तेवढाच थर दाबायचा, तोही अक्का गात असतील तेवढाच वेळ. हिचा वरचा गोडवा मोकळा सोडायचा.

मी त्या माणसाच्या कानाशी लागलो. तो म्हणाला, करी देखू. मी बटणाला हात न लावण्याची अट विसरून पडद्यावर बोट ठेवलं, आणि ते चुकीच्या थरावर ठेवलं. माझी बायको भुसावळ स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगणाऱ्या बाईसारखी नाकातून गायला लागली.

“हाई कोन?” अक्कांनी विचारलं.

“ढोल, अक्का,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

दुसऱ्या खेपेला जमलं. दोघी आल्या. अक्का समोर, आणि त्यांच्या जरा वर, मागून येणाऱ्या उजेडासारखी ही. ओळीच्या शेवटी कोण कुठं संपलं आणि कोण कुठं लागलं ते कळत नव्हतं.

“आते शे,” अक्का म्हणाल्या. “आते दोन्ही शेत.”

उठल्या. मी जिन्यापर्यंत गेलो. हात द्यायला पुढं केला तर त्यांनी तो घेतला, हे नवीन होतं. खाली उतरून रिक्षात बसताना एवढंच म्हणाल्या, “पाव्हना, नरडानाले ऊन कसं शे?” नरडाण्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. रिक्षा गेली आणि मी त्या गल्लीत एकटाच उभा राहिलो, हातात न खाल्लेला डबा.

घरी मी नवीन गाणं आलंय एवढं सांगितलं. बायकोनं ते माझ्या हेडफोनमधून ऐकलं, दोनदा. मग हेडफोन उतरवून माझ्याकडं बघत बसली. “बरं आहे,” म्हणाली. काय बरं आहे ते मी विचारलं नाही.

हळदीला गाणं लागलं. डीजेवाल्यानं ढोल आमच्यापेक्षा दुप्पट वाढवला, ते चालायचंच. बायका उठल्या, नवरीभोवती फेर धरला, ओळ लागली की सगळ्या मिळून झेलू लागल्या. अक्का खुर्चीत बसून ओठ हलवत होत्या. माझी बायको त्यांच्या खुर्चीमागं उभी होती. कुणी तरी म्हणालं, अक्कांचा आवाज काही हटत नाही हं अजून. अक्का हसल्या, आणि मी मान वळवून मंडपवाल्याची झालर तपासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांच्या घरामागच्या मोरीवर बायको माझ्या शर्टावरची हळद घासत होती. मी शेजारी बसून चहा पीत होतो. तिनं साबण खाली ठेवला आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, “त्या दिवशी स्टुडिओचं दार उघडं ठेवलं होतं तुम्ही. अक्का जिन्यात उभी होती. दाबलेलं काढून लावलंत ना, ते सगळं ऐकलं तिनं. घरी जाऊन मला फोन केला. म्हणाली, माले समजनं, पन पाव्हनाले सांगू नको, बिचारा गयरा घामाघूम व्हयना व्हता. तर आता मी तुम्हाला सांगितलं, हे अक्काला सांगू नका. आणि पुढच्या वेळी चोरून जायचं असलं, तर मला डबा भरायला लावू नका.”